चिबडातली आठवी आसरा

गाढवपणाची एक खुबी असते बघा. दुसऱ्याचा असला की तो लांबून ओळखू येतो. आपला असला की आधी त्याच्यावर शेंदूर चढतो, पुढं नारळ फुटतात, आणि मग कधीतरी आपल्या ध्यानात येतं की हे तर आपलंच गाढव. चहा घ्या, सांगतो. हसायचं तेवढं इथंच हसा, फाट्यावर जाऊन कुणाला सांगू नका. तिथं माझं दुकान आहे.

दुकान म्हणजे मोटारी, पाइप, ठिबकचं सामान. शिरूरकडून दौंडला निघालात की मध्ये आमचा फाटा लागतो. माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. त्यांच्यामुळंच एक खोड लागली. कुणी काहीही विचारलं तरी 'मला माहीत नाही' हे माझ्या तोंडातून निघत नाही. धंद्यात ते चालतच नाही हो. गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, ही मोटार किती वरीस चालंल?" आता मला काय स्वप्न पडलंय? पण मी म्हणतो, "तुमचा नातू मोडीत घालंल तिला, तुम्ही न्हाई." गिऱ्हाईक मोटार घेऊन जातं, वर नातवाच्या नावानं चहा पाजतं.

आता अडचण काय होती ते सांगतो. भाड्याच्या गोदामाच्या मालकानं गेल्या उन्हाळ्यात गोदाम खाली करायला लावलं. माल आणायचा कुठं? घरी आणला. आता पाइप असतो वीस फुटी आणि आमचं घर आहे बेताचं. त्यामुळं पाइप पुढच्या दारातून आत आणि मागच्या दारातून बाहेर. सकाळी दात घासायला मागच्या अंगणात गेलं की पाइपातून पुढच्या रस्त्यावरचं बोलणं ऐकू यायचं.

बायकोनं एक आठवडा चालवून घेतलं. मग एका दुपारी म्हणाली, "अहो, देवाला दिवा लावायचा तर मला रांगत जावं लागतंय."

"देवापुढं वाकायचंच असतंय की."

"वाकायचं असतंय, सरपटायचं नसतंय. पावसाच्या आत गोदाम उभं करा. न्हाईतर तुमचे पाइप ऱ्हावू द्या घरात, मी जाते माहेराला केडगावला."

सासुरवाडीचं नाव निघालं की आमच्याकडं विषय मिटतो. मी लगोलग ओढ्याकाठची एक जागा घेतली. स्वस्तात मिळाली, कारण सगळी चिबड. कालव्याचं पाणी, वरच्या अंगाला सगळा ऊस, त्याचा पाझर उतरून त्या ओढ्यात येतो आणि तिथं त्याची चालायची इच्छाच मरते. लव्हाळा, पाणकणसं, शेवाळ, मधे चार म्हशी डोळे मिटून बसलेल्या. ओढ्यानं वाहायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. पण मी हिशेब केला होता: मुरूम टाकायचा, दाबून घ्यायचा, वर पत्र्याचं गोदाम. डंपरवाल्याशी बोलणंही झालं होतं.

आणि त्याच आठवड्यात ताई आल्या.

ताई पुण्याच्या. गावोगाव हिंडून शब्द गोळा करायच्या. मोबाइल पुढं धरायचा, विचारायचं, ऐकायचं. असलंही काम असतं हे मला तेव्हा कळलं. आमच्या दुकानापुढच्या बाकावर त्या बसल्या, शेजारी आमचे शंकरआबा. आबा पूर्वी मेंढरं राखायचे, आता मुलं शेती करतात आणि आबा माझा बाक राखतात.

"काका," ताई मला म्हणाल्या, "संथ, दलदलीचं पाणी असतं ना, धड ओढा नाही, धड डबकं नाही, त्याला तुमच्याकडं काय म्हणतात?"

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले. "चिबड."

"चिबड म्हणजे नेमकं?"

"म्हंजी पानी मुरत बी न्हाई आन् व्हात बी न्हाई. रान चिबाडलं म्हंत्यात. आमी मेंढरं घालायचो न्हाई तिथं, खुरं कुजत्यात."

"आणि हा शब्द आला कुठून?"

"येतोय कुठनं? हितलाच हाय त्यो."

बघा, किती सरळ उत्तर होतं. तिथं थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काही नसतं आणि ओढ्याकाठी गोदाम असतं. पण ताईंचा चेहरा जरा पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला माहीत असेल ना, काका?"

माहीत नाही, हे शब्द माझ्या तोंडातून निघत नाहीत, हे मघाशी सांगितलंच.

मी पेन कानावर ठेवलं आणि सुरू झालो. "ताई, साती आसरा ठावं हायेत का तुम्हाला? विहिरीवर, नदीवर, पाण्याच्या सात बहिणी. लोकांना सातच ठावं हायेत. खऱ्या होत्या आठ."

आबांनी बाकावर पाय वर घेतले.

"आठवी सगळ्यांत धाकटी. चिबाई. सात जणी घोडनदीच्या काठानं निघाल्या भीमेला भेटायला. ही मागं. 'चल की गं बये,' थोरली म्हणाली. ही म्हणाली, 'माझे पाय दुखत्यात.' थोडं चालली, पुन्हा बसली. थोरली चिडली. 'येतीस का जाऊ?' ही म्हणाली, 'तुम्ही व्हा म्होरं. मला घाई चालत न्हाई.' आन् बसली ती बसलीच. ती बसली म्हणून तिच्या मागचं पाणी बी बसलं. चिबाईची जागा ती चिबड."

आता खरं सांगतो, हे सगळं तोंडातून निघत होतं तेव्हा मी स्वतः ऐकत होतो की पुढं काय होणार. ताईंचे डोळे चमकले. त्यांनी मोबाइल माझ्या नाकाजवळ आणला.

"तिचं ठाणं आहे कुठं?"

"हाय की. ओढ्याला."

"उद्या येऊन फोटो घेऊ का?"

"घ्या की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता माझी हुशारी बघा. ठाणं दाखवायचं तर दगड पाहिजे. दुसऱ्याच्या रानातला दाखवला तर तो माणूस उठून विचारणार, हा काय प्रकार? म्हणून मी माझ्याच जागेतला निवडला. लव्हाळ्यात एक काळा दगड अर्धा रुतून बसला होता, बसलेल्या बाईसारखा म्हटलं तर तसा, पोत्यासारखा म्हटलं तर तसा. शेंदूर कुठून आणायचा? गुरवाकडं मागितला तर चौकशी होणार. पण दुकानात मोटारीच्या स्टँडला मारायचा लाल ऑक्साइड होता. संध्याकाळी गेलो, ब्रशनं दोन हात मारले, डबा झाकला आणि परत आलो. लोखंडाला गंज धरत नाही त्यानं. देवीला काय धरणार?

दुसऱ्या दिवशी ताईंनी फोटो काढले. आबा बरोबर होते. आबांनी दगडाकडं बराच वेळ बघितलं, पागोटं सारखं केलं आणि माझ्याच दुकानातल्या फ्रीजवर ठेवलेला नारळ आणून फोडला.

"आबा, तो घरचा नारळ हुता."

"मग देवी कुणाच्या रानात हाय?" आबा म्हणाले.

मंगळवारी पाच बायका आल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. आता देवी म्हटली की तिच्याकडं काहीतरी मागायला लागतं, आणि इथं लोकांनी इतकं डोकं लावलं की मी थक्क झालो. बाकीचे देव चालना देतात, ही बसलेली. म्हणून जे आहे तिथंच राहावं अशी ज्यांची इच्छा, ते सगळे हिच्याकडं. शाळेतल्या मास्तरांची बदली आली होती, त्यांनी दहीभात ठेवला, बदली थांबली. एका बाईचा नवरा रोज संध्याकाळी पत्ते कुटायला दौंडला पळायचा. तिनं ओटी भरली. आठवड्यात नवरा मोरीत घसरला, गुडघा सुजला आणि घरात बसला. आता तो पायाला फडकं बांधून ओट्यावर, आणि ही बाई गावभर चिबाईचं कौतुक सांगत. एकाची म्हैस सारखी दावं तोडायची, तिला ओढ्याचा चिखल लावला. म्हैस दोन दिवस उठेचना. शेवटी डॉक्टर बोलवावा लागला, पण देवीचं नाव झालं.

आणि माझी बायको? मी तिला पहिल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. ती काय म्हणाली असेल? "दगड हलवून बाजूला ठेवा आन् मुरूम टाका. पावसाला किती दिस ऱ्हायलेत?"

मी डंपर बोलावला. ड्रायव्हर परराज्यातला, भला माणूस. ओढ्याशी आला, काचेतून लाल दगड बघितला, खाली दिवे बघितले, आणि इंजिनच बंद केलं.

"सेठजी, यह तो माताजी का जगह है।"

"अरे, माताजी नही है. मैने रंग मारा है. ऑक्साइड."

त्यानं कानाला हात लावला. "ऐसा मत बोलिए सेठजी. गाड़ी का टायर बैठ जाएगा।" गाडी मागं घ्यायला गेला, आणि चिबडच ते, मागचं चाक भसकन आत गेलं. खरोखर बसलं. ट्रॅक्टर लावून काढेस्तोवर अर्धा गाव जमला. त्यात माझं कोण ऐकणार?

मग मात्र माझा धीर सुटला. गावकीची बैठक मारुतीच्या देवळात होती, तिथं उभा राहिलो. म्हणालो, "मंडळी, माझं चुकलं. चिबाई बिबाई कुणी न्हाई. ती गोष्ट मी दुकानात बसून रचली."

मला वाटलं, सुटलो.

शंकरआबा उठले. "शेठ, किती शिकला तुमी?"

"सातवी."

"मग येवढी चांगली गोष्ट तुमाला सुचंल व्हय?"

देऊळभर हशा. मी म्हणालो, "आबा, तुम्ही तर तवा बाकावर हुता. तुम्ही सोत्ता म्हणला, शब्द हितलाच हाय, कुठनं येतोय."

"व्हय. हितलाच हाय, देवी बी हितलीच हाय. माझी आई तिला निवद ठिवायची."

"कवा?"

"तवा."

मागून दुसरे एक आप्पा उठले, म्हणाले, त्यांच्या आजीनं तर चिबाईला बोलताना ऐकलं होतं. काय बोलली? तर म्हणे, "येते, येते," म्हणाली आणि आलीच नाही.

मला एकच आधार आठवला. मी तिथूनच ताईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला. "ताई, ती चिबाईची गोष्ट मी बनवलेली हुती. तुम्ही सांगा ह्यांना."

"काका," ताई फार मायेनं म्हणाल्या, "मी नंतर गावात पुष्कळ जणांशी बोलले. सगळ्यांनी सांगितली ती गोष्ट. तुमच्यापेक्षा कितीतरी तपशिलात. तुमची जरा अपुरीच होती."

"अवो पण पहिली मीच सांगितली."

"ती जागा तुमची आहे ना? आणि तुम्हाला तिथं भराव घालायचाय?"

"व्हय."

"मग तुमचं म्हणणं मला धरता येत नाही, काका. तुमचा त्यात स्वार्थ आहे."

फोन ठेवला. देवळातले सगळे माझ्याकडं असं बघत होते, जसं आपण पाकीटमाराकडं बघतो, पण ओळखीच्या.

शेवटी गुरवमामांनी तोड काढली. गुरवमामा म्हणजे भैरोबाचे पुजारी, शांत माणूस. म्हणाले, "शेठचं बी ऐकू. देवीला कौल लावू. दोन पाकळ्या लावायच्या, एक उजवी, एक डावी. उजवी आधी पडली तर देवीची परवानगी, दगड बाजूला बसवून शेठनं गोदाम बांधायचं. डावी पडली तर त्या जागेचं नाव काढायचं न्हाई. मान शेठचाच, पाकळ्या त्येंनीच लावाव्यात."

हे ऐकलं आणि माझ्या अंगात व्यापारी जागा झाला. पाकळ्या मी लावणार? मग डावी पडता कामा नये, एवढंच बघायचं. आणि पडू नये म्हणून लावायची वस्तू तर मी रोज विकतो. पीव्हीसीचा सांधा जोडायचं सोल्युशन. डब्याच्या झाकणालाच ब्रश असतो. एकदा धरलं की पाइप फुटेल, सांधा सुटणार नाही, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो.

सकाळी सगळं गाव चिखलाच्या कडेनं उभं. बायका, मास्तर, ओट्यावरचा तो नवरासुद्धा काठी टेकत आलेला. मी झाडाआड जाऊन डाव्या अंगठ्याला सोल्युशन फासलं आणि मूठ झाकून दगडासमोर आलो.

गुरवमामांनी नाक वर केलं. "कसला वास येतोय?"

"कापूर," मी म्हणालो. "नव्या कंपनीचा."

उजव्या हातानं पाण्यात भिजवलेली पाकळी उजवीकडं लावली. डाव्या अंगठ्यानं दुसरी डावीकडं दाबली. चांगली दाबली. आणि हात काढायला गेलो, तर अंगठा निघेना. पाकळी दगडाला धरली होती आणि मी पाकळीला धरलो होतो. मी ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मागं कुजबुज सुरू झाली. "शेठच्या अंगात आलं." कुणीतरी हलगी वाजवायला लागलं. आबा ओरडले, "मागा, शेठ, मागा तिला." मी डोळे घट्ट मिटले, दात खाल्ले आणि झटका दिला. अंगठ्याची थोडी कातडी देवीला वाहिली गेली, पण हात सुटला.

दोन्ही पाकळ्या जागेवर. आणि उजवी पाकळी हळूच घसरली, दगडावरून पाण्यात पडली.

मी उडालो. "पडली! उजवी पडली! मंडळी, परवानगी!"

गुरवमामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शेठ, उजवं-डावं देवीचं धरायचं असतंय. ती तुमच्याकडं तोंड करून बसलीया. तुमचं उजवं ते तिचं डावं."

दोन क्षण मला काहीच कळलं नाही. मग कळलं. नकार पडला होता. आणि होकार दगडावर चिकटवला होता, स्वतःच्या अंगठ्यानं, कंपनीच्या हमीसकट.

तिथंही गोष्ट मिटली असती, पण होकाराची पाकळी काही पडेना. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. वाळून काळी झाली, तरी तिथंच. पाऊस लागला, ओढा दगडाच्या कमरेपर्यंत चढला आणि उतरला, पाकळी जागेवर. गुरवमामांनी त्याचा अर्थ लावला: "देवीनं नकार दिलाय खरा, पर होकार हातात धरून ठिवलाय. देणार हाय. तिच्या सवडीनं." हे ऐकून शिरूरपासून, पार इनामगावपासून लोक गाड्या करून यायला लागले. तिथं जमिनीखाली निघालेली जुनी गाडगी-मडकी बघायला येणारे लोकसुद्धा आता इकडं वळून चिबाई बघून जातात. देवीवर पत्र्याचा मांडव झाला. गोदामाला लागतो तेवढाच, तसाच, आणि त्यात माझा एकही पाइप नाही.

बायको माहेरी गेली नाही. म्हणाली, "गेले तर लोक म्हणतील, चिबाईच्या रानमालकाचीच बाई टिकली न्हाई." त्याऐवजी तिनं पाइपांवर पापड वाळत घालायला सुरुवात केली. मला अजून रांगत देवघरात जावं लागतं. तिला आता सवय झाली, ती पाइपावरून चालते.

परवा एक गिऱ्हाईक आलं, तावातावानं. काउंटरवर सोल्युशनचा डबा आपटला. "शेठ, हे काय कामाचं न्हाई. सांधा जोडला, पाणी सोडलं, आन् निसटला."

"अवो माल चांगला हाय. एकदा धरलं की सुटत न्हाई."

"सुटत न्हाई? मग मला एक सांधा दाखवा, ह्या सोल्युशननं धरलेला, पावसापाण्यात टिकलेला. एकच दाखवा."

बाकावरून आबा माझ्याकडं बघत होते. समोर ओढ्याच्या बाजूनं घंटेचा आवाज येत होता.

मी मुकाट्यानं त्याला डबा बदलून दिला.